त्यांची जुनी गाडी वारसा, आपली जुनी रिक्षा भंगार

गेल्या महिन्यात भडकल गेटजवळच्या स्टँडवर एका रिक्षावाल्या काकांचे फिटनेसचे कागद बघत बसलो होतो. त्यांच्या मुलाने मोबाइलवर एक रील लावलं. चंदेरी रंगाची, दोन दारांची मर्सिडीज, दारं पंखासारखी वर उघडणारी, 1955 ची. जगातली सर्वात महाग गाडी, असं खाली लिहिलेलं. काकांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "म्हणजे ती पण जुनीच की. मग तिला कोणी भंगारात का काढत नाही?"

पोरगं हसलं. मला काही हसू आलं नाही.

त्या गाडीचं नाव 300 एसएलआर उलेनहाउट कूपे. रुडॉल्फ उलेनहाउट या कंपनीच्या अभियंत्यावरून पडलेलं. अशा फक्त दोन बनल्या आणि एकही शर्यतीत धावली नाही. 5 मे 2022 ला स्टुटगार्टमध्ये, कंपनीच्याच संग्रहालयात, त्यातली एक लिलावात गेली: 13.5 कोटी युरो, तेव्हाच्या दराने सुमारे 1,100 कोटी रुपये. लिलावाला मोजक्या निमंत्रितांनाच प्रवेश होता. घेणाऱ्याचं नाव जाहीर झालं नाही. पैसा शिष्यवृत्तीच्या निधीला दिला, हे कौतुकाने सांगितलं जातं. शिक्षण हा धनिकांच्या लिलावातून मिळणारा प्रसाद नाही, एवढंच त्यावर म्हणतो आणि पुढे जातो.

एवढी किंमत येते कुठून? लोखंड तेच, रबर तेच. संग्राहक आधी बघतात ती वंशावळ. चासीचा नंबर आणि इंजिनाचा नंबर कारखान्यातल्या नोंदीशी जुळतो का, आधीचे मालक कोण, मूळ अंगात काही परकं मिसळलंय का. आणि व्यवहार बंद दाराआड, आपसांत. 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जात म्हणजे दार बंद करून बसलेला वर्ग, असं दाखवून दिलं होतं. गाडीला जात नसते, उपमा फार ताणत नाही. पण शुद्धतेला भाव लावायची खोड ओळखीची वाटते की नाही?

श्रीमंतांनी आपसांत काय भाव लावायचा तो लावावा. प्रश्न कायद्याचा आहे. 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. 50 वर्षांहून जुनं, मूळ रूपात जपलेलं वाहन असेल तर त्याला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, आणि भंगार धोरणातून सुटका. नोंदणी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी. वर्षाला 2,000 पडले. आता व्याख्या नीट वाचा: दुचाकी आणि चारचाकी. तीनचाकी त्यात नाहीच. म्हणजे काकांनी रिक्षा 50 वर्षं काचेच्या पेटीत ठेवली, तरी ती वारसा होऊ शकत नाही!

आणि काकांना काय? फिटनेसला उशीर झाला तर दिवसाला 50 रुपये दंड. वर्षभर कागद रखडला तर 18,250 रुपये. 2024 मध्ये राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे सरकारने स्थगितीची भाषा केली.

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आठवा. शेवटची 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेवला नोंदली गेली आणि 20 वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. तीच पद्मिनी एखाद्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये पॉलिश होऊन उभी असेल, तर ती 50 वर्षांची झाल्यावर व्हिंटेज. कारखाना एक, इंजिन एक. फरक इतकाच की एकीने पोट भरलं.

आपल्या शहराला मर्सिडीज नवी नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकाच दिवशी 150 मर्सिडीज घेतल्या, सुमारे 65 कोटींच्या. औरंगाबादचं नाव देशभर गाजलं, आपणही फुशारलो. तेव्हाच्या बातम्यांनुसार त्यातले 40 कोटींहून अधिक स्टेट बँकेने 7 टक्क्यांनी दिले. त्याच काळात मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरचं कर्ज 12 टक्क्यांच्या आसपास पडत होतं. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त हे मांडलं, म्हणून निदान नोंद राहिली. नांगरणारं यंत्र महाग, मिरवणारं स्वस्त.

यावर ठरलेलं उत्तर येतं: तुम्हाला श्रीमंतीचा मत्सर आहे. अजिबात नाही. बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते. चरख्याच्या गौरवावर त्यांनी सडकून टीका केली, कारण यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते. आपल्या पोरांनीही गाड्या घ्याव्यात, चांगल्या घ्याव्यात. दुसरं उत्तर प्रदूषणाचं. व्हिंटेज गाडी रोज चालवायला बंदी आहे, रॅली-प्रदर्शनापुरतीच ती निघते, हे खरं. जुन्या रिक्षेचा धूर आमच्याच वस्तीतल्या लेकरांच्या छातीत जातो, हेही खरं. मग रिक्षा बदलायला 7 टक्क्यांनी कर्ज द्या ना! मर्सिडीजला देता आलं होतं.

स्टँडवरच्या 10-12 जणांना विचारलं, कोणी बँकेत गेलेलं नाही. सगळे फायनान्सवाल्यांकडे. दर कुणालाच नीट सांगता येईना, हप्ता मात्र तोंडपाठ. येत्या रविवारी सकाळी भडकल गेटला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी बसून प्रत्येकाच्या करारावरचा व्याजदर लिहून काढणार आहोत, तो तक्ता घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जायचं आहे. ज्यांना आकडेमोड येते त्यांनी वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन या.

जय भीम.