ग्लिच म्हणजे चोरी नव्हे: ‘सुपर मारिओ’चे विक्रम आणि एक उथळ आरोप

१/ नागपूरचा मे महिना. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, दारे-खिडक्या बंद, कूलरची घरघर आणि टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम. नव्वदच्या दशकातील कित्येक नागपूरकरांचे मारिओशी नाते असेच जुळले. त्या पिढीला आजचे विक्रम दाखवले, की एक शेरा हमखास येतो: ग्लिच वापरून लावलेला विक्रम म्हणजे परीक्षेतली कॉपी. इतिहासाच्या कसोटीवर हा शेरा टिकत नाही. #धागा

२/ प्रथम वस्तुस्थिती. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये निंटेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या या निर्मितीचा सारा पसारा अवघ्या ४० किलोबाइटचा. मोबाइलवरचे एक छायाचित्रही आज याहून कितीतरी जास्त जागा अडवते. तेवढ्यात ३२ लेव्हल बसवायच्या, म्हणजे बाइट-बाइटची काटकसर आली. त्या काटकसरीतून फटी राहिल्या.

३/ सर्वांत गाजलेली फट म्हणजे ‘मायनस वर्ल्ड’. १-२ या लेव्हलच्या शेवटी मारिओला भिंतीतून आरपार नेता येते. पलीकडच्या नळाचा पत्ता खेळाने निश्चित करण्याआधीच त्यात उतरले, तर तो मारिओला ३६ क्रमांकाच्या जगात धाडतो. खेळाच्या चित्रसंचात ३६ व्या जागी अंक नसून कोरी चौकट आहे. म्हणून पडद्यावर दिसते केवळ ‘-१’. मूळ कॅसेटवर ही पाण्याखालची लेव्हल कधीच संपत नाही.

४/ आता विक्रमांकडे. वेगाची शर्यत लावणारा खेळाडू ३२ पैकी केवळ ८ लेव्हल खेळतो. उरलेल्या २४ तो गुप्त नळांतून ओलांडतो आणि हे नळ निर्मात्यांनीच दडवून ठेवलेले आहेत. आरोप करणाऱ्यांची पहिली अडचण येथेच आहे. निर्मात्याने ठेवलेली चोरवाट शिष्टसंमत आणि त्याच्या हातून राहून गेलेली फट मात्र पाप, हा भेद कोणत्या नियमात लिहिला आहे?

५/ दुसरा समज असा, की ग्लिचमुळे खेळ सोपा होतो. घडते नेमके उलटे. लेव्हलच्या शेवटी मारिओ ध्वजस्तंभाला झोंबतो आणि ध्वज सावकाश खाली येतो. स्तंभाच्या पायथ्याच्या दगडात अचूक शिरता आले, तर तो ध्वज उतरण्याचा वेळ वाचतो. मात्र त्यासाठी एका पिक्सेलची जागा आणि सेकंदाच्या साठाव्या भागाचा क्षण साधावा लागतो.

६/ त्यातही हा खेळ वेळेचा हिशेब विचित्र ठेवतो. बहुतेक लेव्हल संपल्यावर पुढची सुरू करायची का, याची तपासणी दर २१ फ्रेमनी एकदाच होते. म्हणजे साधारण ०.३५ सेकंदांनी एकदा उघडणारे दार. वीस फ्रेम वाचवल्या आणि दार हुकले, तर वाचवलेले सारे पाण्यात. केवळ शेवटच्या ८-४ मध्ये प्रत्येक फ्रेम मोजली जाते.

७/ एप्रिल २०२१ मध्ये ‘निफ्टस्की’ या टोपणनावाच्या खेळाडूने ४ मिनिटे ५४.९४८ सेकंदांत खेळ संपवला. ४:५५ ची भिंत प्रथमच फुटली. अशा एका धावेमागे हजारो फसलेले प्रयत्न असतात. याला कॉपी म्हणणाऱ्याने कॉपी या शब्दाचा अर्थ तपासावा. कॉपी लपवली जाते. ही धाव पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत जगासमोर असते.

८/ “पण निर्मात्याचा हेतू तसा नव्हता!” हा सर्वांत वजनदार आक्षेप. परंतु हेतू कॅसेटमध्ये नसतो. कॅसेटमध्ये असतात नियम. इतिहासाचा विद्यार्थी हे चांगलेच जाणतो. कागद लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते, याआधी कागदात प्रत्यक्ष काय आहे हे वाचावे लागते. ग्लिच शोधणारा तेच करतो. तो खेळाला अस्सल साधन मानतो.

९/ हेतू आणि नियम यांचे हे भांडण क्रिकेटनेही पाहिले आहे. १३ डिसेंबर १९४७, सिडनी कसोटी. चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउनला विनू मंकड यांनी धावबाद केले. कृती नियमात होती, तरी ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांत टीकेची झोड उठली आणि मंकड यांचे नावच जणू एका गुन्ह्याला चिकटवले गेले. विरोधी संघाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनी मात्र त्यांची बाजू घेतली.

१०/ शेवट काय झाला? २०२२ मध्ये एमसीसीने हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून ‘धावबाद’च्या कलमात नेला. पंचाहत्तर वर्षांनी नियमपुस्तकाने मंकड यांना न्याय दिला. नियम खटकत असेल तर नियम बदलावा. नियम नीट वाचणाऱ्याला चोर ठरवू नये.

११/ मग खरा दोष कशात? १९८० च्या ‘ड्रॅगस्टर’ या खेळात टॉड रॉजर्स यांच्या नावावर ५.५१ सेकंदांचा विक्रम अनेक दशके नांदला. २०१७ मध्ये एरिक कोझिएल यांनी खेळाची संहिताच तपासली, ५.५७ च्या खाली जाता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. जानेवारी २०१८ मध्ये ‘ट्विन गॅलेक्सीज’ने ती नोंद रद्द केली. येथे ग्लिच नव्हता. उणीव होती ती पुराव्याची. ती उघडी पाडली खेळाची चिरफाड करणाऱ्यांनीच.

१२/ या मंडळींना मर्यादा नाहीत, हेही खरे नव्हे. मारिओच्या शर्यतीत डावी व उजवी कळ एकाच वेळी दाबायला बंदी आहे, कारण मूळ रिमोटच्या फुलीवर ते जमतच नाही. संगणकाच्या साहाय्याने फ्रेमगणिक रचलेल्या धावा वेगळ्या यादीत जातात. गुप्त नळ वर्ज्य मानणाऱ्यांची वर्गवारीही स्वतंत्र आहे. ज्याला ग्लिच नको, त्याने आपली वर्गवारी निवडावी.

१३/ नागपूरकरांना हे समजायला लांब जायला नको. शहरातला झिरो माइलचा स्तंभ पाहावा. तेथून अंतरे मोजायची, हे निसर्गाने ठरवलेले नाही; माणसांनी ठरवले आणि दगडावर कोरून जाहीर केले. मोजमापाची प्रामाणिकता आरंभबिंदूच्या पावित्र्यात नसते. ती असते आरंभबिंदू आधी जाहीर करण्यात.

१४/ आणि हे जाहीर करणेच आपल्याकडे राहून गेले. आपल्या टीव्हीची पाल पद्धत सेकंदाला ५० च्या ठेक्याची, अमेरिकी-जपानी पद्धत ६० ची. ५० च्या ठेक्यावर चालणाऱ्या नकली यंत्रांवर तोच मारिओ मंद धावे. गल्लीत कोणी किती वेळात खेळ संपवला, कोणत्या यंत्रावर, कोणत्या कॅसेटवर, याची नोंद कोणी ठेवली?

१५/ ती यंत्रे भंगारात गेली, कॅसेटी माळ्यावर गंजल्या, आठवणी दंतकथा झाल्या. ज्यांना चोर म्हटले जाते, त्यांनी मात्र एकेका फ्रेमचा दस्तऐवज जपला. उद्याच्या इतिहासकाराच्या हाती त्यांचे पुरावे असतील; आपल्या बाजूने असेल केवळ “आमच्या वेळी...” असे सुरू होणारे वाक्य. आरोप करण्याआधी माळ्यावरची ती पेटी तरी उघडावी.