तिथीची पाऊणपट

समुद्र ही दुरून फोटो काढण्याची वस्तू आहे, असे आमच्या पिंपरी-चिंचवडकडच्या पालकांचे आणि शाळांचे ठाम मत झाले आहे. आमच्या ओळखीतल्या एका शाळेत मागे अदलाबदलीच्या कार्यक्रमात जर्मनीहून १२ मुले आली. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाल्यापासून जर्मन माणसाचे आम्हाला अप्रूप राहिलेले नाही. पण जर्मन पोरे घरी उतरणार म्हटल्यावर कॉलनीभर पडदे धुतले गेले.

शनिवार-रविवारी सगळ्यांना वेळासला न्यायचे ठरले. मंडणगड तालुक्यातला हा किनारा. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची इवलीशी पिल्ले समुद्राकडे चालू लागतात. पण चार दिवस आधी कमिटी बसली. कमिटी बसली की बाकी सगळेच बसते, हा बँकेतला अनुभव. वेळास रद्द, वॉटर पार्क मंजूर! खरी लाट नको, तिकीट लावलेली चालेल.

कारण विचारले तर एकच उत्तर : मुरूड. १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला गेलेले पुण्याच्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. या नावापुढे विनोद सुचत नाही, सुचूही नये. पण त्यातून आपण शिकलो काय? 'नेऊ नका' एवढेच? अहो, शाळेने नेले नाही म्हणून पोरगा समुद्रावर जायचा राहतो का? कॉलेजात गेला की मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून तो अलिबाग गाठतोच. तेव्हा बरोबर सर नसतात आणि दोरही नसतो. बंदीने मूल सुरक्षित होत नाही, शाळा तेवढी सुरक्षित होते.

बरे, शिकवायचे ते असे कितीसे आहे? भरती दिवसातून दोनदा, रोज साधारण ५० मिनिटे उशिरा. कोकणातला माणूस तिथीची पाऊणपट करतो. चतुर्थी? चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी? आठ पाऊण सहा. तिथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढते आणि उतरतानाही जास्त ओढते. आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. संपला अभ्यासक्रम! आमच्या बी. कॉम.च्या चक्रवाढ व्याजापेक्षा नक्कीच सोपा.

तेव्हा न्या मुलांना. कॅलेंडर पाहून न्या, गावकरी बरोबर घेऊन न्या, पाण्याच्या अलीकडे दोर बांधून न्या, पण न्या. पाहुण्यांना तरणतलाव दाखवायला जर्मनीहून कशाला आणायचे? आणि आपल्या मुलांना लोणावळा लोकलचे वेळापत्रक पाठ असते, तसे स्वतःच्या समुद्राचेही असायला काय हरकत आहे? लोकल चुकली तर पुढची तरी मिळते.