एका वाक्याची कसोटी



हल्ली पदवीच्या वर्गांतील मुलामुलींनाही लघुशोधनिबंध लिहावा लागतो. अनेक घरांत त्या निमित्ताने कशी धांदल उडते हे पालकांना ठाऊक आहेच. विषय मिळतो, वही मिळते, मुदतही मिळते. परंतु लिहावयाचे काय आणि कोणत्या क्रमाने, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मग मुले इकडचे-तिकडचे उतारे जमवतात, त्यांना शीर्षके लावतात आणि त्या गाठोड्याला निबंध म्हणतात. अशाच एका गाठोड्याची हकीकत आज सांगावयाची आहे. कारण तीतून मी स्वतःही काही शिकलो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पेडणे तालुक्यातील केरी गावी एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. त्यांची कन्या महाविद्यालयात इतिहास शिकते. ती मोठ्या संकोचाने एक वही घेऊन आली. ‘केरी गाव : इतिहास, समाज आणि संस्कृती’ असे निबंधाचे नाव होते. आत ‘प्रस्तावना’, ‘भौगोलिक स्थान’, ‘लोकजीवन’, ‘सण-उत्सव’, ‘स्वातंत्र्यलढा’, ‘समारोप’ अशी उपशीर्षके होती. प्राध्यापकांनी वहीच्या शेवटच्या पानावर एवढाच शेरा मारून ती परत केली होती : “माहिती पुष्कळ आहे. यात तुमचे म्हणणे कोणते?”

“काका, म्हणणे म्हणजे काय हो?” मुलीने विचारले. “मी तर सगळे खरेच लिहिले आहे.”

तिचा प्रश्न प्रामाणिक होता. खरे लिहिणे आणि काही म्हणणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपण मुलांना कधी समजावून सांगतो? ‘केरी हे तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेले गाव आहे’ हे खरे आहे, परंतु त्यावर कोणी वाद घालणार नाही. ज्या विधानाला कोणी ‘कशावरून?’ असे विचारूच शकत नाही, त्या विधानासाठी वीस पाने खर्ची घालण्याचे कारण नाही. शोधनिबंधाच्या मुळाशी असे एक वाक्य हवे की जे ऐकताच समंजस माणूस म्हणेल, ‘असे आहे काय? मग दाखवा पाहू.’ यालाच प्रतिपाद्य म्हणतात.

ही काही आजची परदेशी टूम नव्हे. आपल्या न्यायशास्त्राने अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कशावरून? तेथे धूर दिसतो म्हणून, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. हाच न्याय डोंगराला लावून दाखविणे हा उपनय, आणि शेवटी सिद्ध झालेले विधान पुन्हा ठामपणे मांडणे हे निगमन. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत उदाहरणे रगड असतात. नसते ती प्रतिज्ञा.

आणि आपल्या गोव्यापुरते बोलावयाचे तर एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सन १५५६ मध्ये ॲबिसिनियाकडे जावयाचे एक मुद्रणयंत्र गोव्यास उतरले आणि येथेच राहिले. येशूसंघीयांच्या सेंट पॉल महाविद्यालयात ते उभे करण्यात आले. त्याच वर्षी त्यावर जे पहिले लेखन छापले गेले त्याचे नाव ‘कॉन्क्लुझोंइश’, म्हणजे विद्यार्थ्यांनी जाहीर वादसभेत मांडून आक्षेपकांपुढे राखावयाची प्रतिपाद्य विधाने! त्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. परंतु भारतातील मुद्रणाचा आरंभ विद्यार्थ्यांच्या प्रतिज्ञांनी झाला, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. याच मुद्रणाच्या आरंभाचा शोध घेणारा मोठा ग्रंथ गोमंतकाचेच सुपुत्र अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९५८ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला.

असो. वही मिटून आम्ही दोघे केरीच्या धक्क्यावर गेलो. फेरीबोट पलीकडून येत होती. समोर तेरेखोलचा किल्ला स्पष्ट दिसत होता. मी मुलीला म्हटले, “या गावातील तुला लहानपणापासून चमत्कारिक वाटलेली एक गोष्ट सांग.”

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “नदीच्या अलीकडे गोवा, पलीकडे महाराष्ट्र, असे असायला हवे होते. पण पलीकडचे तेरेखोल गोव्यातच आहे. शाळेत असताना मला हे कधी कळले नाही.”

पाहा, गाठोडे जेथे सुटत नव्हते तेथे एक गाठ सापडली! विषय म्हणजे केरी आणि तेरेखोल. प्रश्न म्हणजे ‘पलीकडे असून अलीकडचे कसे?’ आता उत्तर धरावयाचे होते.

दुसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन आली. तिने मोठ्या अभिमानाने वाचले : “१५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकविला, तो केरीच्या नावाड्यांनी त्यांना नदीपार नेल्यामुळेच.” तिचे पणजोबा नावाडी होते, आणि त्यांनी सत्याग्रहींना आपल्या होडीतून पोचविले, ही कथा त्या घरात दोन पिढ्या सांगितली जात आहे. प्रतिज्ञा होती, हेतू होता, आणि घरचा अभिमानही होता. मला ते वाक्य आवडले. खोटे का बोला, मी त्यावर शाबासकीही देऊन टाकली.

परंतु संध्याकाळी तीच नकाशा घेऊन आली. तिचा चेहरा उतरलेला होता. “काका, सत्याग्रही भारतातून आले. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर आहे. उत्तरेकडे तेव्हा मुंबई राज्याचा रत्नागिरी जिल्हा होता, आजचा सिंधुदुर्ग. तिकडून तेरेखोलला जमिनीनेच येता येते. मग त्यांना केरीची होडी लागावी कशाला? केरी तर पोर्तुगीज हद्दीतच होती.”

मी निरुत्तर झालो. शाबासकी देण्यापूर्वी नकाशा पाहण्याचे मला सुचले नव्हते, मुलीला सुचले. आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील ती तुकडी भारतीय प्रदेशातून आली, हे प्रसिद्ध आहे. दक्षिणेकडून नदी ओलांडून येण्याचे तिला कारण नव्हते.

“आता मी आजीला काय सांगू?” ती म्हणाली.

वाचकहो, शोधनिबंधातील खरी कसोटी ही आहे. उपशीर्षके कशी लावावी, वाक्य किती शब्दांचे असावे, हे सारे शिकता येते. परंतु आपल्याला प्रिय असलेले वाक्य पुराव्यापुढे टिकत नाही असे दिसल्यावर पुरावा बाजूला सारावा की वाक्य, हा प्रश्न भाषेचा नाही, सदसद्विवेकाचा आहे. ते वाक्य तसेच ठेवले असते तर बहुधा कोणाच्या लक्षातही आले नसते. प्राध्यापक केरीचे नव्हते. आजीला आनंद झाला असता.

मी तिला इतकेच सुचविले की, आजीला काही सांगू नकोस. आधी नीट विचार. आजवर तुम्ही सर्वांनी ती कथा ऐकली आहे. कोणी प्रश्न विचारला आहे काय?

आजी पडवीत बसल्या होत्या. मुलीने जवळ बसून विचारले, “आजी, पणजोबांनी त्या लोकांना कुठून होडीत घेतले? कुठे उतरविले?” म्हाताऱ्या बाईंनी क्षणभर नातीकडे पाहिले आणि त्या हसून म्हणाल्या, “नेले कुठले गो बाय! होडीत बसून बावटा पाहिला, असे बाबा सांगत. केरीकडून पाहिला. घरी येऊन कोणाला बोलू नका म्हणाले. नेले, असे तुझ्या काकाने म्हणायला सुरुवात केली.”

‘पाहिले’चे ‘नेले’ झाले होते! दोन पिढ्यांत एक क्रियापद बदलले, आणि एक साक्षीदार होता तो नायक झाला. परंतु मला विचाराल तर मुलीच्या हाती आता जे आले ते अधिक मोलाचे होते. पोर्तुगीज अमलाखालील तीरावरून एका नावाड्याने पलीकडचा तिरंगा पाहिला आणि घरच्यांना गप्प राहावयास सांगितले. एका दिवसाच्या घटनेकडे या तीरावरची माणसे कोणत्या भीतीने आणि कोणत्या आशेने पाहत होती, हे त्या एका आठवणीत आहे.

त्या रात्री तिने नवे वाक्य लिहिले : “तेरेखोल नदीच्या पलीकडे, म्हणजे गोव्यापासून पाण्याने तुटलेले आणि भारतीय प्रदेशाला जमिनीने जोडलेले असल्यामुळे, १९५४ मध्ये ते सत्याग्रहींना प्रवेशास सुलभ आणि पोर्तुगीजांना राखण्यास कठीण ठरले.”

आता वाक्यात दम आला. परंतु प्रतिज्ञा झाली की पूर्वपक्षही मांडला पाहिजे, म्हणून मी आक्षेपकाची भूमिका घेतली. “राखण्यास कठीण म्हणतेस, मग सत्याग्रहींचा ताबा एक दिवसच का टिकला? पोर्तुगीजांनी त्यांना पकडून किल्ला परत घेतलाच ना?” तिने विचार केला, आणि पेन्सिल घेऊन ‘आणि पोर्तुगीजांना राखण्यास कठीण’ एवढे शब्द खोडून टाकले. सुलभ प्रवेश म्हणजे टिकाऊ ताबा नव्हे. वाक्य अर्धे झाले. परंतु जे उरले ते तिला सिद्ध करता येणार होते.

त्यानंतर उपशीर्षकांना वेळ लागला नाही, कारण ती त्या वाक्यातूनच निघाली. पहिले : ‘नदीपलीकडचा गोवा’, यात आजची भूरचना. दुसरे : ‘किल्ला आधी, महाल मागाहून’. सावंतवाडीकरांनी बांधलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला, आणि पेडणे महाल त्यांच्याकडे कायमचा आला तो १७८८ मध्ये. तेव्हा हद्द नदीवर न थांबता पलीकडे का गेली याचा विचार येथे. तिसरे : ‘जमिनीची वाट’, यात १५ ऑगस्ट १९५४ चा प्रवेश. चौथे : ‘एका दिवसाचा ताबा’, यात माझा आक्षेप व त्याचे उत्तर. पाचवे : ‘केरीच्या तीरावरून’, यात आजींची आठवण, ती कोणी, कोणाकडून ऐकली हे स्पष्ट नोंदवून, कौटुंबिक आठवण म्हणूनच.

पूर्वीच्या आणि या उपशीर्षकांत भेद कोणता? ‘सण-उत्सव’ हे शीर्षक कोणत्याही गावाच्या निबंधात चिकटविता येते. ‘किल्ला आधी, महाल मागाहून’ हे याच निबंधाचे आहे. वस्तूंची यादी करावयाची तर वर्णानुक्रमही पुरतो. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या प्रसिद्ध संवादग्रंथात औषधी द्रव्ये बहुतांशी वर्णानुक्रमानेच येतात, आणि शोधणाऱ्याला ते सोयीचे आहे. परंतु ज्याला काही सिद्ध करावयाचे आहे त्याची शीर्षके जिन्याच्या पायऱ्यांसारखी असावीत. एक काढली की वर जाता येऊ नये. मुलांना एक साधी युक्ती सांगावी : निबंध बाजूला ठेवा आणि केवळ उपशीर्षके मोठ्याने वाचा. ऐकणाऱ्याला तुमचे म्हणणे ढोबळ मानाने कळले, तर रचना बरी आहे. एखादे शीर्षक वगळूनही म्हणणे तसेच राहिले, तर ते शीर्षक आणि त्याखालचा मजकूर खुशाल काढून टाका, मग तो जमविण्यास कितीही श्रम पडलेले असोत.

आणखी एक सांगणे आहे. प्रतिपाद्य वाक्य प्रथम लिहावे हे खरे. परंतु ते पेन्सिलीने लिहावे. ते शोधाच्या आरंभी दिवा म्हणून उपयोगी पडते. शोध संपेपर्यंत त्यात दोन-तीनदा बदल झाला, तर ते काम नीट चालल्याचे लक्षण समजावे. आरंभीचे वाक्य शेवटपर्यंत जसेच्या तसे राहिले, तर एकदा स्वतःला विचारावे की, आपण शोध केला की केवळ समर्थन?

निबंध मुदतीत गेला. त्याला गुण किती पडले हे मी विचारले नाही. मात्र दिवाळीनंतर पुन्हा केरीस गेलो असता आजींनी मला बोलावून घेतले. नातीने पाचवा भाग त्यांना वाचून दाखविला होता. “माझ्या बाबांचे नाव छापले नाही तिने,” त्या थोड्या रुसून म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, “पण जे बाबा सांगत तेच लिहिले आहे हो. एक अक्षर जास्त नाही.”

पालकहो, आपल्या घरी अशी एखादी वही उघडी पडलेली असेल, तर मुलाला उत्तर सांगू नका, आणि माझ्यासारखी घाईने शाबासकीही देऊ नका. जवळ बसून विचारा : ‘बाळ, यात तुझे म्हणणे कोणते?’ आणि ते कळले की लगेच दुसरे विचारा : ‘कशावरून?’