अधिकृत शिवचरित्र कोणाचे?

दिग्पाल लांजेकर यांच्या 'श्री शिवराज अष्टक' या चित्रपटमालिकेविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातील बरेचसे एकाच प्रश्नाभोवती घुटमळते : पडद्यावर दाखवले ते खरे आहे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्न भाबडा आहे. इतकेच नव्हे, तर तो चित्रपटाची मागणी आधीच मान्य करून टाकतो. इतिहास म्हणून तपासले जाणे हीच या चित्रपटांची आकांक्षा असते. परीक्षेत ते उत्तीर्ण होवोत की अनुत्तीर्ण, परीक्षार्थी म्हणून त्यांचा दर्जा निश्चित होतो. 'आम्ही कलात्मक स्वातंत्र्य घेतले आहे' असे आरंभीच्या पाटीवर सांगायचे आणि जाहिरातीत इतिहासाच्या नावाने हाक द्यायची, ही दुटप्पी सोय समीक्षेने निमूटपणे चालवून घेतली आहे.

मालिकेतील पहिले पाच चित्रपट पाहा. 'फर्जंद' (२०१८) १६७३चा पन्हाळा दाखवतो, 'फत्तेशिकस्त' (२०१९) १६६३चा लाल महाल, 'पावनखिंड' (२०२२) १६६०ची खिंड, 'शेर शिवराज' (२०२२) १६५९चा प्रतापगड आणि 'सुभेदार' (२०२३) १६७०चा सिंहगड. कालक्रम असा उलटसुलट होऊनही प्रेक्षक गोंधळत नाही, कारण मूळ संहिता त्याच्या मनात आधीपासून वसलेली असते. ती त्याच्या मनात कोणी वसवली, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे. हॉलिवूडमध्ये त्याचे उत्तर सोपे असते. 'स्टार वॉर्स'च्या मालकांनी २०१४ साली चित्रपटांबाहेरच्या शेकडो कादंबऱ्या व चित्रकथा 'दंतकथा' या सदरात ढकलल्या आणि त्या अप्रमाण ठरल्या. ज्याच्याकडे स्वामित्वहक्क, त्याच्याकडे प्रामाण्याचा अधिकार. शिवचरित्राचा असा मालक नाही. म्हणूनच तो अधिकार हस्तगत करण्यासाठी एवढी झुंबड उडते.

बाजीप्रभूंवर २०२२ मध्ये दोन चित्रपट आले. 'पावनखिंड' मालिकेतील एक प्रकरण म्हणून स्वीकारला गेला. 'हर हर महादेव'वर कोल्हापूरच्या संभाजीराजे छत्रपतींनी जाहीर आक्षेप घेतला आणि नोव्हेंबरमध्ये ठाण्यातील त्याचा खेळ बंद पाडण्यात आला. २०२५च्या 'छावा'तील लेझीमचे दृश्य प्रदर्शनापूर्वीच गळाले. हा चित्रपट शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला आहे, म्हणजे तो कल्पित साहित्याचे रूपांतर आहे, ही गोष्ट त्या गदारोळात जवळजवळ कोणाच्या लेखी नव्हती. आक्षेपांचा बरेवाईटपणा येथे बाजूला ठेवू. घराणे, पक्ष आणि निर्माता यांच्या वाटाघाटीतून संहिता 'अधिकृत' होते आणि समीक्षक मागाहून तिला इतिहासाचे गुण देत बसतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

'अधिकृत' आणि 'विश्वसनीय' हे समानार्थी शब्द नव्हेत, हे साताऱ्याइतके दुसरे कोणते गाव शिकवत नाही. सभासदाने आपली बखर राजारामांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली. मल्हार रामराव चिटणिसांनी आपले शिवचरित्र साताऱ्याच्या दुसऱ्या शाहूंच्या आज्ञेवरून लिहिले. राजाज्ञेची मुद्रा दोहोंवरही आहे. तरी अभ्यासक सभासदाला वरचे स्थान देतात ते आज्ञेमुळे नव्हे, तर तो घटनांच्या शतकभराने अधिक जवळ होता म्हणून. चिटणिसांची बखर अधिक सजलेली आहे, हे सातारच्या गादीच्या संमतीने झाकले जात नाही.

सिंहगडाची कथा कशी वाढली पाहा. सभासदाकडे पाचशे माणसे आहेत, घोरपड नाही. ती, रायबाच्या लग्नासह, तुळशीदासाच्या पोवाड्यात भेटते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने कमलकुमारी आणली, बाबूराव पेंटरांनी त्याच कादंबरीवरून १९२३ साली 'सिंहगड' काढला आणि २०२०च्या हिंदी 'तान्हाजी'त एक कमलादेवी उदयभानाच्या कैदेत पुन्हा हजर होते. तानाजीच्या बलिदानावरून किल्ल्याचे नाव पडले असे प्रेक्षक मानतो. प्रत्यक्षात १६६३च्या पत्रातच 'सिंहगड' हे नाव येते. असत्य कोठे शिरले हे दाखवून येथे भागत नाही. प्रत्येक थराने मागच्या थराला प्रमाण मानले आणि शेवटच्या थराने त्या सगळ्यालाच इतिहास म्हटले, ही प्रक्रिया समीक्षेचा विषय आहे.

वाघनखांचेही तसेच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. त्यांचा आधार म्हणजे साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफला ती भेट मिळाल्याचे सांगणारा पेटीवरील मजकूर. हीच ती १६५९ची वाघनखे, याची खातरजमा करता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतः म्हणते. लंडनने राखलेला संशय साताऱ्यापर्यंतच्या प्रवासात कोठेतरी उतरवून ठेवला गेला. 'शेर शिवराज'ने पडद्यावर जे केले, तेच काचेच्या कपाटाने केले. फरक इतकाच की कपाटाला तिकिटाबरोबर शासनाची मुद्राही होती.

याउलट मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे. त्यांनी पटवर्धनी दफ्तरे चाळून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला आणि 'शिवसंभव' हे नाटकही लिहिले. एकाच लेखणीतून दोन्ही उतरले, पण नाटक लेखसंग्रहात गेले नाही. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी लोकनाट्याच्या प्रारंभी गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन केले. त्यासाठी त्यांनी कोणाचे प्रमाणपत्र मागितले नाही. परंपरेत असा फेरफार करण्याचा शाहिराचा हक्क ते गृहीत धरत होते. सांगली जिल्ह्यातील ही दोन टोके आपल्या चित्रपटसमीक्षेला ठाऊक नसावीत असे नाही. ती वापरण्याचे धैर्य मात्र दिसत नाही.

मराठीत याहून जुनी सोयही उपलब्ध आहे. लीळाचरित्राच्या पोथ्या हरवल्यावर महानुभावांनी स्मरणातून पाठ जुळवले, तेव्हा मतभेद पुसून एकच पाठ लादला नाही. अमक्याची ही 'वासना', तमक्याची ती, असे नावानिशी नोंदवले. ज्यांच्या दृष्टीने ही साक्षात ईश्वराची लीळा होती, त्यांना पाठभेदाचे भय वाटले नाही. मालिकेतील पुढच्या चित्रपटाचे परीक्षण लिहिणाऱ्याने निदान एवढे करावे : कोणता प्रसंग सभासदाचा, कोणता चिटणिसांचा, कोणता तुळशीदासाचा, कोणता आपट्यांचा आणि कोणता केवळ पटकथाकाराचा, हे नावानिशी मांडावे.