फर्स्टक्लास कुणाला म्हणावे?

‘काय, कसे काय चालले आहे?’ या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे : ‘एकदम फर्स्टक्लास!’ चहा फर्स्टक्लास असतो, मुलीचे सासर फर्स्टक्लास असते, पाऊस वेळेवर पडला तर सोयाबीनही फर्स्टक्लास येते. रेल्वेच्या डब्यावरून आणि परीक्षेच्या निकालावरून आलेला हा शब्द आपण इतका आपलासा केला, की तो परका आहे याची आठवणही राहत नाही. गंमत अशी, की उठताबसता हा शब्द वापरणाऱ्या आपल्या नांदेड-लातूरकडच्या बहुसंख्य माणसांनी प्रवासातला खरा फर्स्टक्लास आतून कधी पाहिलेला नसतो.

पाहणार तरी कुठे? नांदेडवरून जाणारी मनमाड-सिकंदराबाद रेल्वे निजामाच्या राजवटीत, एकोणिसावे शतक संपता संपता आली. पण ती मीटर गेज. मुंबईला जायचे तर मनमाडला उतरून, बोचकी सांभाळत दुसरी गाडी धरायची. रुंद रूळ आले ते १९९० च्या दशकात. लातूरची तऱ्हा याहून न्यारी. तिथे बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी चिमुकली गाडी. रुंद रुळांसाठी लातूरकरांनी एकविसाव्या शतकाची वाट पाहिली. १९७४ मध्ये रेल्वेने तिसरा वर्ग रद्द केला तेव्हा आमच्या भागात अनेकांना काही फरक जाणवला नाही. पाटी बदलली, बाकडे तेच राहिले.

मी बँकेत लागलो तेव्हा हुद्द्याप्रमाणे प्रवासाचा वर्ग ठरलेला असे. साहेब पहिल्या वर्गात, शिपाई दुसऱ्या वर्गात. गाडी स्टेशनात थांबली की शिपाई धावत साहेबांच्या खिडकीशी येई. ‘साहेब, चहा आणू का?’ साहेब खिडकीतूनच मान हलवीत. पहिल्या वर्गात काय होते? जाड गादी, पंखा आणि आतून कडी लावता येणारे दार. यांतले सर्वांत मोलाचे काय, असे कुणी विचारले असते तर बहुतेक साहेबांनी मनातल्या मनात दाराकडे बोट दाखवले असते. आपल्याकडे पहिला वर्ग म्हणजे आराम कमी आणि अंतर जास्त. इतरांपासूनचे अंतर.

हे सगळे आठवायला कारण झाला माझा भाचा. पुण्याच्या एका कंपनीत तो नोकरीला आहे. मालकांबरोबर कामासाठी न्यूयॉर्कला जाण्याचा योग आला, तोही टोकियोमार्गे, आणि टोकियोपासून पुढे पहिल्या वर्गाने. जाताना जपान एअरलाइन्स, येताना ऑल निप्पॉन एअरवेज. दोन्ही जपानी, दोन्ही एकमेकींच्या कट्टर प्रतिस्पर्धी. परत आल्यावर मी त्याला विचारले, ‘अरे, दोघींत सरस कोण?’

त्याने सांगितलेली आणि मी पुढे कुतूहलाने वाचलेली माहिती अशी. जपान एअरलाइन्सने जानेवारी २०२४ पासून न्यूयॉर्कच्या मार्गावर एअरबसचे नवे मोठे विमान आणले. त्यात एकूण २३९ आसने, पैकी पहिल्या वर्गाची अवघी ६. एका रांगेत तीनच माणसे, प्रत्येकाला दार असलेली खोली. आसन इतके रुंद की त्याचा सोफा होतो, पलंग होतो. उशाशी बसवलेल्या ध्वनिवर्धकांमुळे कानाला काही न लावता सिनेमा ऐकता येतो. ऑल निप्पॉनने २०१९ मध्ये आपल्या बोइंग विमानांत नवा पहिला वर्ग आणला होता. २१२ आसनांत ८ खोल्या. त्यांच्या रचनेत केन्गो कुमा या नामवंत जपानी वास्तुविशारदाचा हात. समोर ४३ इंची पडदा. मधल्या दोन खोल्यांमधला पडदा खाली घेतला की नवराबायको समोरासमोर गप्पा मारत जाऊ शकतात.

जागेच्या दृष्टीने भाच्याने झुकते माप जपान एअरलाइन्सला दिले. विमान नवे, आवाज कमी, जागा ऐसपैस. पण सोबतीने प्रवास करायचा तर ऑल निप्पॉन बरी, असेही तो म्हणाला. मग मी सेवेचे विचारले. तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘मामा, खुर्ची कुणाची चांगली ते सांगता येतं. माणसं कुणाची चांगली, ते नाही सांगता येत. दोन्हीकडं सारखंच. झोपलो तर कुणी उठवत नाही, जागा झालो की कुणीतरी जवळ असतं. आणि मागं साध्या वर्गात एक चक्कर मारली, तर तिथंही बोलायची रीत तीच.’

हे शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. मागे आणि पुढे खुर्च्यांत जमीन-अस्मानाचा फरक आणि बोलण्यात मात्र फरक नाही! विमान निघाले की जमिनीवरचे कर्मचारी रांगेत उभे राहून हात हलवून निरोप देतात, तो निरोपही सबंध विमानाला असतो. पुढच्या सहा-आठ जणांना नव्हे.

हे आपोआप घडलेले नाही. जपान एअरलाइन्स १९५१ ची. दुसऱ्या महायुद्धानंतर उभी राहिलेली, सरकारचा वरदहस्त असलेली कंपनी. ऑल निप्पॉनची सुरुवात १९५२ मध्ये दोन हेलिकॉप्टरांवर झाली. तिच्या उड्डाण क्रमांकातली ‘एनएच’ ही अक्षरे अजून त्या हेलिकॉप्टरांची आठवण सांगतात. परदेशाचे मार्ग थोरलीकडे, धाकटीने घरातल्या घरात उडायचे, अशी सरकारी वाटणी अनेक वर्षे होती. १९८६ मध्ये धाकटीला परदेशी नियमित उड्डाणाची वाट खुली झाली, १९८७ मध्ये थोरली पूर्णपणे खासगी झाली आणि मग खरी शर्यत लागली. जानेवारी २०१० मध्ये थोरलीचे दिवाळे वाजले. तिला सावरायला काझुओ इनामोरी हे ७८ वर्षांचे उद्योजक पुढे आले आणि त्यांनी एक पैसा वेतन घेतले नाही. २०१२ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात उभी राहिली. या साऱ्या काळात समोर सतत दुसरी कंपनी होती. एकीने दार लावता येणारी खोली केली, तर दुसरीने खोली आणखी रुंद केली. चुरस कशाची? प्रवाशाला अधिक काय देता येईल याची.

आता आपल्याकडे वळू. नांदेड आणि लातूर यांच्यातली चुरस मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. दोन्ही जिल्ह्यांनी महाराष्ट्राला मुख्यमंत्री दिले. २००९ मध्ये महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून केवढे रण माजले! नांदेडला रेल्वेचा विभाग २००३ मध्ये झाला, तो दक्षिण मध्य रेल्वेत. लातूर राहिले मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. २०१७ मध्ये लातूर-मुंबई गाडी आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत न्यायचे ठरले, तेव्हा लातुरात आंदोलन पेटले. आपल्या हक्काच्या जागा जाणार, ही भीती खोटी नव्हती. मुंबईला इलाजाला जाणारा रुग्ण आणि त्याचा नातलग यांना आरक्षण म्हणजे काय ते विचारा. पण ती गाडी ज्या उदगीरवरून पुढे जाणार होती ते उदगीर लातूर जिल्ह्यातलेच, हे त्या गदारोळात किती जणांच्या ध्यानात राहिले? गाडी एकच, म्हणून भाऊबंदकी. दुसरी गाडी, जादा डबे, यांसाठी उदगीर आणि लातूर एका फलाटावर उभे राहिले असते तर जोर दुप्पट झाला असता. जपानी कंपन्यांची चुरस अधिक काय देता येईल याची; आपली चुरस दुसऱ्याला काय मिळू नये याची.

विमानाचेही तेच. २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडचा विमानतळ नव्याने सजला. त्यानंतर सेवा आल्या आणि गेल्या. एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेच्या अगदी पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबाद होते. ती चालवणारी कंपनी पुढे बंद पडली. २०२४ मध्ये एका नव्या कंपनीने नांदेडहून उड्डाणे सुरू केली. तिच्या ७६ आसनी विमानांत १२ आसने वरच्या वर्गाची आहेत, म्हणजे फर्स्टक्लासच्या धाकट्या भावाची चव आपल्याही दारी आली. लातूरच्या धावपट्टीवर मात्र नियमित सेवा कधी मुरलीच नाही. पण जिथे एका वेळी एकच कंपनी उडते, तिथे सेवेची तुलना करणार कुणाशी? उडाले हेच उपकार, अशी प्रवाशाची भावना होते.

स्पर्धेने काय होते हे मी बँकेत डोळ्यांनी पाहिले आहे. १९९० च्या दशकात नव्या खासगी बँका आल्या, तोवर ग्राहकाने काउंटरसमोर ताटकळत उभे राहायचे, पितळी टोकन हातात घामेजेपर्यंत धरायचे, हीच रीत होती. शेजारच्या चौकात वातानुकूलित शाखा उघडली आणि सहा महिन्यांत आमच्या शाखेत ग्राहकांसाठी खुर्च्या आल्या. कुणाचे हृदयपरिवर्तन झाले नव्हते. ठेवी चालल्या होत्या. रस्त्यावरही तसेच घडले. लातूर-पुणे, नांदेड-पुणे मार्गांवर खासगी ट्रॅव्हल्सनी झोपून जाण्याची सोय केली, तेव्हा एसटीलाही वातानुकूलित ‘शिवशाही’ काढणे भाग पडले.

पण स्पर्धा हे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. ट्रॅव्हल्सचा चादर-पाण्याची बाटली देणारा हसरा चेहरा दिवाळीच्या आठवड्यात ओळखू येत नाही. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक घेऊ नये असा शासन निर्णय २०१८ चा आहे. पण लातूरच्या शिकवणी वर्गातून सणाला घरी निघालेल्या पोराला तो निर्णय दाखवून तिकीट मिळत नाही. गरजवंताला अक्कल नसते, असे आपण म्हणतो. खरे तर त्याला अक्कल असते, पर्याय नसतो. म्हणजे चुरशीच्या जोडीला आणखी काहीतरी लागते. ते काय, हे सांगणारी दोन उदाहरणे देतो. एक जपानचे, एक आपल्या नांदेडचे.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले आणि पेटले. भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या त्या लहान विमानातले पाच जण दगावले. मोठ्या विमानात ३७९ माणसे होती. आठपैकी तीनच दारे वापरण्याजोगी राहिली. तरीही सगळीच्या सगळी माणसे जिवंत बाहेर पडली, कारण कर्मचाऱ्यांनी सांगितले तसे लोकांनी आपले सामान जागेवर सोडले. त्या विमानातही पहिला वर्ग होता. पण त्या धुरात पुढचा-मागचा उरला नाही. चहा कुठल्या कपात देतात ही सेवेची वरची साय. खाली दूध होते ते हे.

दुसरे उदाहरण नांदेड स्टेशनातून रोज निघते. नांदेड ते अमृतसर अशी दोन हजारांवर किलोमीटर धावणारी सचखंड एक्सप्रेस. वाटेत ठराविक स्थानकांवर सेवेकरी बादल्या घेऊन उभे असतात आणि प्रवाशांना लंगरचे जेवण मोफत वाढतात. जाणकार प्रवासी घरून भांडी घेऊनच निघतात. गाडी थांबली की डबे, ताटल्या पुढे होतात. कढी-भात, डाळ, छोले, भाजी, जे त्या दिवशी असेल ते. वाढणारा तिकीट विचारत नाही, जात-धर्म विचारत नाही. वातानुकूलित डब्यातल्या शेटजींच्या आणि जनरलमधल्या मजुराच्या ताटात एकाच बादलीतली डाळ पडते. बँकेतल्या नोकरीत मी सेवेवरची अनेक प्रशिक्षणे घेतली. सेवेची याहून सोपी व्याख्या मला तिथे सापडली नाही.

मी पहिल्या वर्गाच्या विरोधात नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खालचा बर्थ लागतो आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याने तो आरामासाठी खर्चावा, यात गैर काही नाही. २०२३ मध्ये जालन्याहून सुरू झालेली वंदे भारत २०२५ मध्ये नांदेडपर्यंत आली, याचा मलाही आनंद आहे. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेडब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. २०२० च्या अखेरीस तिथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला आणि शयनयान वंदे भारत गाड्या तिथे बांधण्याचा करार २०२३ मध्ये झाला. म्हणजे देशातले आरामशीर बर्थ उद्या लातूरच्या मुलांच्या हातून घडतील. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायला पाणी आणावे लागले, त्या लातूरसाठी ही थोडी गोष्ट नव्हे.

पण जनरल डब्याचे काय? त्यातल्या नळाला पाणी आहे का, संडासाला कडी आहे का, म्हाताऱ्या बाईला चढायला कुणी हात देतो का? आपले पुढारी नव्या गाडीला हिरवा झेंडा दाखवायला येतात, तेव्हा पहिल्या डब्यापाशी फोटो निघतो. पुढच्या वेळी नांदेडकरांनी आणि लातूरकरांनी मिळून त्यांना फलाटाच्या पार टोकाला, शेवटच्या डब्यापर्यंत चालत न्यावे. निवेदन तिथेच द्यावे, आणि त्यावर सह्या दोन्ही गावांच्या असाव्यात.