पाहुण्याचे पान

दिवाळीचा फराळ म्हणजे कष्टाचे काम खरे, पण त्यात एक सुख आहे. चकली, करंजी, अनारसे, शेव, चिवडा ही यादी आपल्या आज्यांनी कधीच ठरवून ठेवली आहे. ताट भरले, वरून रुमाल टाकला आणि शेजारी पोचते केले की काम संपले. ज्याला जे रुचेल ते तो उचलील. जेवणाचे तसे नाही. पाडव्याला किंवा भाऊबीजेला कोणी जेवायला येणार म्हटले की चार दिवस आधीपासून आपल्या डोक्यात पातेली वाजू लागतात. श्रीखंड की बासुंदी, पुरी की पोळी, भाज्या किती, भजी कशाची! आणि एवढ्या सगळ्या विचारांत एक विचार मात्र हमखास राहून जातो, तो म्हणजे जो जेवायला येणार त्याचा.

गंमत अशी की देवांच्या बाबतीत आपण ही चूक कधी करीत नाही. गणपतीला मोदक, खंडोबाला चंपाषष्ठीचे भरीत-रोडगा, बाळकृष्णाला दहीकाला हे आपल्याला तोंडपाठ असते. मग ‘अतिथी देवो भव’ म्हणायचे आणि या पानावर बसलेल्या देवाला मात्र आपल्या मनाला येईल ते खायला घालायचे, हा कुठला न्याय?

हे मी मोठ्या शहाणपणाने सांगते आहे असे समजू नका. ठेच लागल्यावर आलेले शहाणपण आहे ते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पाडव्याच्या रात्री ह्यांचे शाळेतले सर आणि काकू आमच्याकडे जेवायला यायचे होते. सरांना मधुमेह आहे हे मला ठाऊक होते. म्हणून मी श्रीखंडाचा बेत रद्द करून मुद्दाम गुळाची पुरणपोळी योजली आणि ‘साखर टाळली’ म्हणून स्वतःवर खूष झाले. गूळ काय आणि साखर काय, मधुमेहाला दोन्ही सारखेच, हे मला कोणी सांगितले नव्हते. आणि मी तरी कुठे विचारले होते? बरे, ‘आठ वाजता पाने घेऊ’ म्हणून सांगितलेले, आणि पुरणपोळ्यांचे काम तुम्हाला माहीतच आहे. सव्वानऊ झाले तरी मी तव्यापाशीच.

तेवढ्यात काकू लगबगीने स्वयंपाकघरात आल्या. “अगं, आधी साखर दे. पाण्यात कालवून दे. लवकर!” बाहेर येऊन पाहते तर सर खुर्चीत बसलेले, कपाळावर घामाचे थेंब, हात थरथरताहेत, आणि विचारले एक तर उत्तर भलतेच. आठला जेवायचे म्हणून त्यांनी साडेसातलाच गोळी घेतली होती. गोळी पोटात गेली आणि अन्न मात्र नाही. रक्तातली साखर एकदम उतरली. साखरपाणी पोटात गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्यांना हुशारी वाटली, पण तेवढा वेळ आमच्या घरातल्या एकाच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता. मधुमेहाच्या माणसाला गोड वाढणे वाईट एवढेच मी धरून बसले होते. त्याच्यावर बेतले ते माझ्या उशिराने.

मी रडवेली झाले. तेव्हा सर म्हणाले, “तुझे काही चुकले नाही. मीच सांगायला हवे होते. पण सणाच्या घरी पाहुण्याने घड्याळाकडे बोट कसे दाखवायचे?”

हे वाक्य माझ्या मनातून आजवर गेलेले नाही. आपला पाहुणा बोलत नाही, कारण त्याला भीड असते. आणि आपण विचारत नाही, कारण आपल्याला आग्रह करायचा असतो!

पुढे एकदा आमच्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्याची हकीकत वाचीत होते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईला पकडलेले काँग्रेसचे बडे पुढारी या किल्ल्यात आणून ठेवले होते. सरकारी पाहुणेच ते! नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभि सीतारामय्या, आपले शंकरराव देव. एकूण बारा जण. काश्मिरी, गुजराती, सिंधी, बंगाली, ओडिया, तेलुगू, मराठी, इतक्या जिभा एका पंगतीला. नेहरूंच्या तीन दिवाळ्या तिथेच गेल्या. इतिहासकारांना या किल्ल्यात नेहरूंचे पुस्तक दिसते; माझ्यासारखीला प्रश्न पडतो तो हा, की यांच्यासाठी रांधत कोण होते?

मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या १९४६ साली निघालेल्या पत्रसंग्रहात त्याचे उत्तर सापडते. मौलाना चहाचे मोठे दर्दी. पहाटे उठून चमेलीच्या वासाचा चिनी चहा स्वतःच्या हाताने करायचे, आणि दूध घातलेल्या चहाला चहा म्हणायलाच तयार नसायचे. त्यांना साखर हवी ती स्वच्छ, पांढरी, दाणेदार. नेहरूंना गोडाची आवड इतकी, की गूळसुद्धा चाले. साखरेसाखरेतला फरक नेहरूंना पटवून देण्याची मौलानांनी पुष्कळ खटपट केली, पण व्यर्थ. आणि हा वाद चालला कुठे, तर ज्या जिल्ह्यात पुढे १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले, त्या जिल्ह्यात!

पण मला खरी हसवून गेली ती स्वयंपाक्याची हकीकत. जेवण नीट मिळेना म्हणून गावातून एक स्वयंपाकी मिळवून आत आणला. बंदोबस्त असा कडक, की आत आलेल्या माणसाला बाहेर सोडायचे नाही. झाले! पुढाऱ्यांबरोबर तो बिचाराही कैदी. वाचता वाचता मी थांबले आणि मला माझा पाडवा आठवला. घराघरांतून दिवे लागलेले, मुले फटाके उडवीत असलेली, आणि मी रात्री सव्वानऊला चार भिंतींच्या आत तव्यापुढे. मैत्रिणींनो, सणाच्या दिवशी आपल्यापैकी किती जणी या किल्ल्यात असतात!

म्हणून गेल्या पाडव्याचा बेत मी दुसऱ्या टोकापासून धरला. आधी पाहुणा, मग पदार्थ. सर-काकूंबरोबर समोरच्या भाभी आणि भाईसाहेबांनाही बोलवायचे ठरले. ते जैन. आमच्या जिल्ह्यात जैन कुटुंबे पुष्कळ. आचार्य आनंदऋषीजी महाराज इथलेच, पाथर्डी तालुक्यातल्या चिचोंडीचे. पण इतकी वर्षे समोरासमोर राहून भाभींच्या ताटात काय चालते हे मला ठाऊक नव्हते. दर दिवाळीला ताटांची देवाणघेवाण व्हायची. त्यांचे ताट आम्ही चवीने संपवीत होतो, आणि आमच्या चिवड्यात लसूण असे! तो चिवडा त्या दर वर्षी कोणाला देत होत्या कोण जाणे.

विचारायचे कसे, हेही एक शिकण्यासारखेच आहे. “तुम्हाला काय आवडते?” म्हटले की मराठी माणूस “काहीही चालेल” म्हणणार, आणि “काही विशेष करू नका” अशी वर पुस्ती जोडणार. म्हणून मी भाभींना म्हटले, “पाडव्याला तुम्ही घरी काय करता ते मला शिकवा.” मग मात्र त्या मोकळ्या झाल्या. आश्विनी अमावास्या हा महावीरांच्या निर्वाणाचा दिवस आणि पाडव्याला त्यांचे वीर संवत सुरू होते, म्हणजे सण त्यांचाही तेवढाच मोठा. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, ओले आले ही जमिनीखालची कंदमुळे नकोत, सुंठ चालते. वांगे नको. चातुर्मास संपलेला नसतो म्हणून पालेभाजी नको, कोथिंबीरसुद्धा नको. डाळीच्या पदार्थाबरोबर कच्चे दही नको. मोड आलेले कडधान्य नको. पाणी उकळून गार केलेले. “हे आमच्या घरचे हं,” त्या म्हणाल्या, “दुसऱ्या घरी थोडे निराळे असेल.” आणि शेवटी हळूच म्हणाल्या, “सूर्यास्तानंतर आम्ही जेवत नाही. तुम्ही दर वर्षी रात्रीचे बोलवायच्या आणि मी डोके दुखते म्हणून सांगायचे. वाईट वाटायचे हो मला.”

मलाही वाटले. इतक्या वर्षांच्या डोकेदुख्या माझ्यामुळे!

काकूंनाही फोन केला. सरांची गोळी किती वाजता, पान किती वाजता हवे, गोड कितपत चालेल, हे सरळ विचारले. त्या म्हणाल्या, गोळीची आणि लवकर जेवण्याची वेळ डॉक्टरांना विचारून कळवते. भात थोडा, भाकरी आणि डाळ-उसळ बरी, आणि गोड अगदी चार घास, तेही भात कमी केला तर. मी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि काय सांगू, त्या भांडत नव्हत्याच! भाभींना बटाटा नको, सरांनाही तो जपूनच. भाभींना दिवसाउजेडी जेवायचे, सरांना वेळेवर.

सासूबाईंना मात्र हे पटेना. “सणासुदीला पावणेपाचला कसले गं जेवण? हे घर आहे की दवाखाना?” पण भाभींची यादी ऐकल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “यात नवीन काय आहे? आमच्या माहेरी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे बंदच असायचे. आषाढातल्या कांदेनवमीला काय ती भजी खाऊन घ्यायची, की पुढे चार महिने नाव काढायचे नाही.” आणि पदर खोचून त्यांनी मासवडीचे काम आपल्याकडे घेतले.

संगमनेर-पारनेरकडची ही मासवडी. नाव मासाचे, पण पदार्थ निव्वळ शाकाहारी. एरवी सारणात कांदा-लसूण असतो. सासूबाईंनी तीळ आणि सुके खोबरे खमंग भाजून त्यात जिरे, सुंठ, तिखट आणि मीठ घालून सारण कुटले. दोन वाट्या बेसनाला तीन वाट्या पाणी घेऊन, तिखट-मीठ-हळद-हिंग घालून घट्ट पिठले शिजवले, ओल्या फडक्यावर थापले, सारण पसरून गुंडाळी केली आणि वड्या पाडल्या. आमटीला डब्यातला काळा मसाला चालण्यासारखा नव्हता, कारण त्यात कांदा-लसूण असतो. म्हणून धणे, जिरे, लवंग, दालचिनी, तीळ आणि खोबरे भाजून ताजा वाटला. तो इतका छान जमला की आता आमच्या घरी एक बरणी निराळी असते.

बाकीचा बेत साधाच. बाजरीची भाकरी आणि पोळी, कच्च्या केळ्याची भाजी, दोडक्याची भाजी, मोड न आणता शिजवलेल्या अख्ख्या मुगाची उसळ, दाण्याचे कूट आणि लिंबू घातलेली काकडीची कोशिंबीर, कोकमाचे सार, थोडा भात. गोड एकच, बासुंदी. साखर नेहमीच्या निम्मी, आणि वाटी आमटीची नव्हे, चटणीची. ती लहान वाटी सगळ्यांच्याच पानात ठेवली. सरांच्या पानात लहान आणि बाकीच्यांच्या पानात मोठी ठेवली असती, तर साऱ्या पंगतीची नजर त्यांच्याच वाटीवर गेली असती. तसेच भाभींचे. त्यांच्यासाठी म्हणून निराळे काही नव्हते. जे होते ते सर्वांचे होते. हवी त्यांच्यासाठी मिरचीचा खर्डा तेवढा स्वयंपाकघरात लसूण घालून झाकून ठेवला होता. ह्यांनी आत जाऊन तो दोनदा आणला हे खरे, पण त्यांना क्षमा आहे.

पावणेपाचला पाने मांडली, साडेपाचला पंगत उठली. भाभी माझ्याकडे पहिल्यांदाच पोटभर जेवल्या. सरांनी बासुंदी मोजून चार चमचे खाल्ली आणि काकूंकडे विजयी मुद्रेने पाहिले. सहाच्या सुमारास सूर्य मावळला तेव्हा माझा ओटा पुसून झाला होता. लग्न झाल्यापासून पाडव्याच्या पणत्या मी स्वतःच्या हातांनी पहिल्यांदाच लावल्या. पाहुण्यांच्या पथ्याने माझीच किल्ल्यातून सुटका केली होती.

तेव्हा यंदा कोणाला बोलवाल तर एवढे करा. चार दिवस आधी विचारा, आणि ज्याला भीड असेल त्याच्या घरच्यांना विचारा. पथ्याचे कारण विचारू नका. धर्म असो, आजार असो की नुसती नावड असो, पानापुरते तिघांचे वजन सारखेच. सांगितलेली वेळ पाळा. वेगळे पान मांडण्यापेक्षा सर्वांना चालेल असे चार पदार्थ करा. आणि पंगतीत आग्रह करायचाच असेल, तर पाण्याचा करा!

जाता जाता एक सांगते. यंदा भाऊबीजेला भाभींनी आम्हाला जेवायला बोलावले आहे. परवा त्यांचा फोन आला, “तुमच्याकडे कोणाला काय चालत नाही?” आणि मी, इतके सगळे शिकलेली मी, पटकन म्हणाले, “काहीही चालेल हो, काही विशेष करू नका.” मग जीभ चावली आणि म्हटले, “सासूबाईंना कडक चावत नाही, भाभी. त्यांना मऊ काहीतरी ठेवा.”