शस्त्र दिसावे की दडावे? अमेरिकेतील जुना प्रश्न आणि नवे निकाल

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील पेन्साकोला शहरात ४ जुलै २०२२ रोजी, म्हणजे त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, एक गृहस्थ भर चौकात उभे राहिले. हातात अमेरिकेच्या राज्यघटनेची प्रत होती आणि कमरेला सर्वांना दिसेल असे पिस्तूल होते. त्यांनी कोणालाही धमकावले नाही. तेच पिस्तूल शर्टाखाली असते तर पोलिसांना त्यांच्याकडे पाहण्याचेही कारण नव्हते, कारण लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यांच्यापाशी होता. गुन्हा होता तो केवळ शस्त्र दिसण्याचा. हा खटला मुद्दामच ओढवून घेतलेला होता आणि त्याचे फळ तीन वर्षांनी मिळाले. १० सप्टेंबर २०२५ रोजी राज्याच्या अपील न्यायालयाने उघड शस्त्र बाळगण्यावरील बंदी घटनाबाह्य ठरविली. या बंदीची अंमलबजावणी थांबवावी, असे राज्याच्या महाधिवक्त्यांनी लगेचच पोलीस यंत्रणेला कळविले. फ्लोरिडाच्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हीच बंदी वैध मानली होती. आठ वर्षांत असे काय बदलले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

अमेरिकेत घराबाहेर पिस्तूल बाळगण्याच्या दोन पद्धती कायद्याने वेगळ्या मानल्या आहेत. शस्त्र इतरांना दिसेल असे कमरेच्या होल्स्टरमध्ये ठेवणे ही एक, आणि ते कपड्यांखाली किंवा पिशवीत दडविणे ही दुसरी. बहुसंख्य राज्यांत या ना त्या अटीवर दोन्हींना मुभा आहे. मात्र इलिनॉय व न्यूयॉर्क ही राज्ये लपवून बाळगण्याचा परवाना देतात, उघड बाळगण्याचा देत नाहीत. कनेक्टिकटने २०२३ मध्ये तोच मार्ग धरला. सामान्यतः असा समज असतो की, जे लपविले जाते त्यावर कायदा अधिक कठोर असावा. या राज्यांचा कायदा नेमका उलट आहे.

एकोणिसाव्या शतकात तो सरळच होता. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्ये लपविलेल्या शस्त्रांवर बंदी घातली. शस्त्र दडविणारा मनुष्य दगलबाज, मारेकरी असणार आणि सज्जनाला ते लपविण्याचे कारणच नाही, अशी त्या काळची धारणा होती. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४६ मध्ये असा निवाडा दिला की, राज्य लपविलेल्या शस्त्रावर बंदी घालू शकते, उघड शस्त्रावर नाही. पुढे शहरे वाढली, अनोळखी माणसांच्या गर्दीत वावरणे नित्याचे झाले आणि दिसणारे पिस्तूल हे प्रामाणिकपणाचे लक्षण न राहता दहशतीचे चिन्ह बनले.

या बदलाला आणखी एक बाजू आहे, ती सहसा सांगितली जात नाही. कॅलिफोर्नियात १९६७ पर्यंत भरलेले शस्त्र उघडपणे नेता येत असे. त्या वर्षी २ मे रोजी ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे सशस्त्र कार्यकर्ते सॅक्रामेंटो येथील विधिमंडळाच्या इमारतीत शिरले. अशा शस्त्रांवर बंदी घालणारे विधेयक विधिमंडळापुढे आलेलेच होते, ते आता झपाट्याने मंजूर झाले. त्यावर स्वाक्षरी करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. शस्त्र कोणाच्या कमरेला आहे यावर ते किती भयावह वाटते हे ठरत असते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता फ्लोरिडात काय बदलले त्याकडे वळू. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्याचा परवानाविषयक कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. शस्त्र बाळगण्याची विशेष गरज सिद्ध करण्याची अट त्या राज्यात शतकभरापासून चालत आलेली होती. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांच्या निकालपत्राने घराबाहेर शस्त्र नेण्याचा हक्क दुसऱ्या घटनादुरुस्तीत अंतर्भूत असल्याचे मान्य केले आणि एक नवी कसोटी लावली. शस्त्रांवरील निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत असला पाहिजे, ही ती कसोटी होय. सार्वजनिक सुरक्षेचा युक्तिवाद तेथे अपुरा ठरतो. साहजिकच १८४६ सारखे निवाडे पुन्हा बाहेर निघाले. त्या इतिहासात लपविण्यावर बंदी आढळते, दाखविण्यावर क्वचितच. फ्लोरिडाच्या अपील न्यायालयाने त्याच आधारे निकाल दिला. तेव्हाच्या समाजाला जे अप्रतिष्ठित वाटे ते आज शिष्टसंमत, आणि जे तेव्हा शिष्टसंमत होते त्याला आज पुन्हा घटनेचे कवच, असा हा पेच आहे.

शस्त्र बाळगणारे स्वतः या निवडीकडे कसे पाहतात? उघड बाळगण्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, दिसणारे पिस्तूल हल्लेखोराला आधीच परावृत्त करते आणि प्रसंगी ते चटकन हाती येते. विरोधी मत असे की, ठरवून आलेला हल्लेखोर आधी त्याच माणसाला टिपेल, किंवा मागून येऊन ते शस्त्रच हिसकावेल. हे दुसरे भय काल्पनिक नाही. गणवेशातील पोलीस सहजासहजी खेचून घेता येणार नाही अशा कळीचे होल्स्टर वापरतात आणि शस्त्र राखण्याचे शिक्षण घेतात, ते याच कारणास्तव. सामान्य नागरिकाकडे बहुधा यांपैकी काही नसते. लपविणाऱ्याची अडचण निराळी असते. वाकताना शर्ट वर सरकला किंवा कापडावर पिस्तुलाचा आकार उमटला तर काय? फ्लोरिडात बंदी असताना एवढ्यावरूनही कारवाईची टांगती तलवार असे. म्हणून २०११ मध्ये क्षणभर, अनवधानाने झालेल्या दर्शनाला कायद्यातून सूट द्यावी लागली.

व्यापारी वर्गाने मात्र आपला कौल दिलेला आहे. टेक्सास राज्यातील एल पासो येथे वॉलमार्टच्या दुकानात ऑगस्ट २०१९ मध्ये झालेल्या गोळीबारात एकूण २३ जणांचे प्राण गेले. पुढच्याच महिन्यात कंपनीने ग्राहकांना शस्त्र उघडपणे दुकानात न आणण्याची विनंती केली. परवानाधारकांनी लपवून आणलेल्या शस्त्राबाबतचे धोरण मात्र बदलले नाही. म्हणजे शस्त्र दुकानात असण्यावर आक्षेप नव्हता, इतर गिऱ्हाइकांना ते दिसण्यावर होता. टेक्सासच्या कायद्यात तर यासाठी दोन स्वतंत्र पाट्या आहेत, एक लपविलेल्या पिस्तुलाला मज्जाव करणारी आणि दुसरी उघड पिस्तुलाला. दोन्ही इंग्रजी व स्पॅनिश भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत लावाव्या लागतात. दारावर कोणती पाटी आहे यावरून दुकानमालकाचा स्वभाव ओळखावा!

परंतु या निवडीची खरी परीक्षा होते ती पोलिसांसमोर. मिनेसोटा राज्यात ६ जुलै २०१६ रोजी एका कृष्णवर्णीय मोटारचालकाला पोलिसाने अडविले. त्याच्याकडे परवाना होता आणि पिस्तूल लपविलेले होते. आपल्यापाशी शस्त्र असल्याचे त्याने आपण होऊन सांगितले. त्या राज्यात विचारल्याशिवाय तसे सांगण्याचे बंधनही नाही. काही क्षणांतच पोलिसाने सात गोळ्या झाडल्या आणि तो मृत्युमुखी पडला. संबंधित पोलीस पुढील वर्षी निर्दोष सुटला. या व अशाच दुसऱ्या एका मृत्यूच्या निषेधार्थ दुसऱ्याच दिवशी डॅलस येथे मोर्चा निघाला. त्यात काही जण उघडपणे रायफली घेऊन सामील झाले होते, ज्याला टेक्सासच्या कायद्याची पूर्ण मुभा होती. एका बंदूकधाऱ्याने पाच पोलिसांना ठार केले, तेव्हा या सशस्त्र मोर्चेकऱ्यांतून हल्लेखोर कोण हे ओळखणे पोलिसांना कठीण झाले. एका निरपराध माणसाचे छायाचित्र संशयित म्हणून देशभर प्रसिद्ध झाले. एका दिवसाच्या अंतराने दोन्ही पद्धतींचे अपयश समोर आले.

लपविलेले शस्त्र कधीकधी प्राण वाचविते, हेही नाकारता येणार नाही. जुलै २०२२ मध्ये इंडियाना राज्यातील ग्रीनवूड येथील मॉलमध्ये एका तरुणाने आपल्या पिस्तुलाने हल्लेखोराला काही सेकंदांत रोखले. पण त्याच्या वर्षभर आधी कोलोरॅडो राज्यातील अरवाडा येथे जे घडले तेही विसरता कामा नये. तेथे एका नागरिकाने लपविलेले पिस्तूल काढून हल्लेखोराला ठार केले, त्याची रायफल उचलली आणि तेवढ्यात पोहोचलेल्या पोलिसाने हल्लेखोर समजून त्यालाच गोळी घातली. दडविलेले शस्त्र बाहेर आले की तेही उघडच होते.

तरीही दोहोंत तुलना करायची झाल्यास, लपवून बाळगणे हा कमी उपद्रवाचा पर्याय म्हणावा लागेल, कारण त्यात रस्त्यावरच्या प्रत्येकावर धाक बसत नाही. या पर्यायाला आधार होता तो परवान्याचा, म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी, वर्ग आणि नेमबाजीची चाचणी यांचा. तोच आता काढून घेतला जात आहे. टेक्सासने सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र नागरिकांसाठी परवान्याची अट रद्द केली, फ्लोरिडाने जुलै २०२३ पासून. २०२४ अखेर अशा राज्यांची संख्या २९ झाली होती. दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कने २०२२ च्या निकालानंतर १६ तासांचा वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव सक्तीचा केला. दाखवावे की दडवावे यावर एवढा वाद होत असताना, बाळगणाऱ्याला ते चालविता येते का हा प्रश्न निम्म्याहून अधिक राज्यांनी विचारणेच सोडून दिले आहे.

भारतात हा वाद उद्भवत नाही. येथे शस्त्र हा हक्क नसून १९५९ च्या कायद्याखाली मिळणारा परवाना आहे, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये वा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकूनच न्यावे लागते. ते परजण्यास मनाई आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याच्या हौसेसाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. तथापि ज्यांची मुले-मुली अमेरिकेत शिकतात वा नोकरी करतात, अशा घरांना हा विषय दूरचा नाही. विद्यार्थी किंवा एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद वगळता, बंदूक बाळगणे हाच तेथे केंद्रीय गुन्हा आहे. मित्राचे पिस्तूल हौसेने जवळ ठेवणेही अंगाशी येऊ शकते. निवड करणारे दुसरेच असतात आणि या तरुणांच्या वाट्याला फक्त त्या निवडीचे परिणाम येतात.

एका राज्याचा परवाना सर्व राज्यांत चालावा, असे विधेयक प्रतिनिधीगृहाने डिसेंबर २०१७ मध्ये २३१ विरुद्ध १९८ मतांनी संमत केले होते, पण सिनेटमध्ये ते अडले. जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा मांडण्यात आले आणि मार्चमध्ये प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीने त्याला मंजुरी दिली. हे विधेयक फक्त लपवून बाळगलेल्या पिस्तुलापुरते आहे. पेन्साकोलाच्या चौकात जे आता कायदेशीर झाले आहे, त्याचा त्यात समावेश नाही.